प्रियाराधनाला बक्षीस देण्याआधी : पक्षी छायाचित्र स्पर्धांच्या आयोजकांना व परीक्षकांना खुले पत्र

सन्माननीय आयोजक व परीक्षक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या हिवाळ्यात एका पक्षी छायाचित्र प्रदर्शनात ‘पक्ष्यांचे वर्तन’ या विभागातील पहिल्या क्रमांकाच्या छायाचित्रासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. छायाचित्र छोट्या कंठेरी चिखल्याचे होते. चिमणीहून जेमतेम मोठा पक्षी, डोळ्याभोवती पिवळेधमक कडे, गळ्याखाली काळा पट्टा आणि मागे सकाळच्या उन्हात सोनेरी झालेला भेगाळ गाळ. त्याने शेपटी पंख्यासारखी उघडली होती, अंग एका कुशीवर टाकले होते आणि एक पंख मातीवर लोळत ठेवला होता. एकेक पीस मोजून घ्यावे इतके ते स्वच्छ टिपलेले होते. खालच्या पाटीवर लिहिले होते : ‘प्रणयनृत्य’.

तो चिखल्या पंख मोडल्याचे सोंग घेऊन छायाचित्रकाराला आपल्या मागे ओढून नेऊ पाहत होता, कारण छायाचित्रकाराच्या जवळच कुठेतरी, कदाचित त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर, त्याची अंडी किंवा पिल्ले होती. कुत्रा, मुंगूस किंवा माणूस अंड्यांजवळ आला की हा पक्षी लंगडत, पंख घासत दूर पळतो, आपण सहज हाती लागू असे भासवतो आणि शत्रू पुरेसा लांब आला की भुर्रकन उडून जातो. ज्या क्षणाला आपण वर्तनाचे पहिले बक्षीस दिले तो क्षण भीतीचा होता आणि ती भीती ज्याच्यामुळे उपजली तो कॅमेऱ्याच्या मागेच पालथा पडलेला होता.

त्या प्रदर्शनाचे किंवा छायाचित्रकाराचे नाव मी घेत नाही, कारण चूक एकट्यादुकट्याची नाही. टिटवी चोच वासून कॅमेऱ्यावर झेपावते आहे अशा छायाचित्राखाली ‘प्रेमाची भरारी’ अशी ओळ मी वाचली आहे. शेकाट्याचे दोन नर पाण्यात एकमेकांवर तुटून पडलेले असताना ‘युगुलाची जलक्रीडा’ असे लिहिलेले पाहिले आहे. आणि खरे सांगायचे तर सुरुवातीच्या वर्षांत अशीच एक ओळ मी स्वतःच्या छायाचित्राखाली लिहिली होती आणि तिच्यावर मिळालेले मानचिन्ह अजून माझ्या कपाटावर धूळ खात आहे.

मी उजनी धरणाच्या फुगवट्यावर पंधरा-सोळा वर्षे पक्ष्यांची छायाचित्रे काढतो आहे. हे पत्र वनखात्याला किंवा छायाचित्रकारांना न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण साधे आहे. कोणत्या छायाचित्राला बक्षीस मिळते त्यावर पुढच्या हंगामात काठावर कोण, कुठे आणि किती जवळ पालथे पडणार हे ठरते. घरट्यातल्या पिल्लांची छायाचित्रे न स्वीकारण्याचा नियम आता बऱ्याच स्पर्धांत आला आहे आणि त्याचा चांगला परिणाम माझ्यासारख्यांनी काठावर बसून पाहिला आहे. मात्र घरटे बाद झाल्यावर ती सगळी हौस ‘वर्तन’ या विभागाकडे वळली, आणि वर्तनात प्रियाराधनाइतके देखणे दुसरे काय असणार? पूर्वी फ्लेमिंगो परतले की भिगवणच्या बाजूची वर्दळ ओसरायची आणि काठ पक्ष्यांना मोकळा मिळायचा. आता एप्रिल-मेमध्येही गाड्या उतरतात. घरट्यापाशी न जाता विणीच्या आधीचे चार दिवस टिपले तर कुणाचे काय बिघडते, अशी सगळ्यांची समजूत आहे. ही समजूत चुकीची का आहे ते सांगण्यासाठी मला आधी त्या चार दिवसांत काय घडते ते सविस्तर सांगावे लागेल.

आपल्याकडे हिवाळ्यात दिसणारे बहुतेक काठपक्षी, म्हणजे तुतवार, टिलवे, पाणटिवळे, इथे फक्त खायला आणि तग धरायला येतात. एप्रिलपर्यंत पाणटिवळ्यांच्या मानेवर विटकरी रंग चढतो खरा, पण त्यांचे लग्न उत्तरेत, हजारो किलोमीटर दूर लागते. आपल्या काठांवर वीण घालणारे निराळे : छोटा कंठेरी चिखल्या, शेकाट्या, टिटवी, लहान पाणभिंगरी. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचे पाणी उतरू लागले की काठाची जमीन दिवसाला काही पावले अशा गतीने उघडी पडत जाते. शेतकरी तिथे गाळपेर करतात. ज्या पट्ट्यात नांगर पोचत नाही, जिथे खडे, शिंपल्यांचे तुकडे आणि वाळलेली जलपर्णी पसरलेली असते, तो पट्टा या पक्ष्यांचा.

चिखल्याच्या नराचे पहिले काम हवेत चालते. तो फुलपाखरासारखे संथ, ताठ पंख मारत, अंग या कुशीवरून त्या कुशीवर झुलवत आपल्या पट्ट्यावर वाकड्यातिकड्या घिरट्या घालतो आणि सतत ओरडत राहतो. छायाचित्रकारांना हे उड्डाण फारसे आवडत नाही, कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर एक करडा ठिपका यापलीकडे हाती काही लागत नाही. खरा भाग जमिनीवर आहे. नर एखादी जागा निवडून छाती मातीला टेकवतो, मागचा भाग उंच करतो, शेपटी उघडतो आणि पायांनी माती मागे उडवत गोल फिरतो. या खटाटोपातून बशीएवढी उथळ खळगी तयार होते. मग तो उठतो, दहा-वीस पावले जातो आणि दुसरी करतो, मग तिसरी. मादी आली की तो खळगीच्या काठावर शेपटी उंच धरून उभा राहतो आणि ती त्याच्या शेपटीखालून वाकून आत शिरते, छाती टेकवून बसून पाहते, कधी चोचीने एखादा खडा उचलून बाजूला भिरकावते आणि बाहेर पडून चालू लागते. ही तपासणी पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या खळग्यांत चालते. मीलनाआधी नर मान ताठ करून मादीच्या मागे येतो आणि जागच्या जागी, कवायतीतल्या शिपायासारखा, भराभर पाय आपटतो. हे काही सेकंदांचे दृश्य ज्याने जमिनीच्या पातळीवरून पाहिले आहे त्याला पुढची दोन वर्षे दुसरे काही टिपावेसे वाटत नाही.

शेकाट्याची तऱ्हा वेगळी. मादी उथळ पाण्यात मान पुढे काढून, अंग आडवे ताणून पुतळ्यासारखी थांबते. नर तिच्या शेजारी चोच पाण्यात बुडवून पाणी उडवतो, छातीची पिसे साफ केल्यासारखे करतो, तिच्या मागून पलीकडच्या बाजूला जातो आणि तिथेही तेच करतो. बाजू बदलण्याचा वेग वाढत जातो आणि मग तो तिच्या पाठीवर चढतो. उतरल्यावर दोघे काही पावले एकमेकांना खेटून चालतात. नराचा एक पंख मादीच्या पाठीवर असतो आणि दोघांच्या सुईसारख्या लांब चोची एकमेकींवर फुली घालतात. आपल्या स्पर्धांत दरवर्षी येणारे ‘चोचींची फुली’ हे छायाचित्र ते हेच. फुली दोन-चार श्वासांपुरती टिकते आणि सेकंदाला वीस चौकटी टिपणाऱ्या आजच्या कॅमेऱ्याला तेवढा वेळ पुष्कळ असतो.

आता मुद्दा असा की, चिखल्याच्या बाबतीत आपण ज्याला प्रियाराधन म्हणतो त्यातले निम्मे काम घर शोधण्याचे आहे. नर जागा दाखवतो, मादी जागा पाहते. तीन-चार खळग्यांतून तिने जी पसंत केली तिथे अंडी पडणार, बहुधा चार, आणि पुढचे सुमारे साडेतीन आठवडे दोघांना आळीपाळीने तिथेच बसायचे आहे. मे महिन्यातल्या उघड्या गाळावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. तिथे बसण्याचे मुख्य काम ऊब देण्याऐवजी सावली धरण्याचे असते. टिटवी आणि चिखले पोटाची पिसे पाण्यात भिजवून येऊन अंड्यांवर बसतात ती याच कारणाने. पाणी किती लांब आहे, उंचवटा किती आहे, खड्यांचा रंग अंड्यांशी किती जुळतो, चारही बाजूंना नजर किती पोचते, हे सगळे त्या खळगीच्या निवडीत तोलले जाते. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण त्या पट्ट्याच्या मधोमध ट्रायपॉड रोवतो.

माझा स्वतःचा अपराध इथे नोंदवतो. काही वर्षांपूर्वी मार्चच्या अखेरीस चिखल्याची एक जोडी मला सापडली. नराने तीन खळग्या केल्या होत्या. पाण्याच्या बाजूला, खड्यांच्या एका हलक्या उंचवट्यावर असलेल्या खळगीत मादी सर्वांत जास्त वेळा बसली होती, ही नोंद माझ्या वहीत आजही आहे. पार्श्वभूमी तिथलीच चांगली मिळत होती म्हणून मी पहाटे अंधारात तिथून पंधरा पावलांवर लपण उभारले आणि सलग तीन सकाळी आत पडून राहिलो. छायाचित्रे मिळाली, शेपटीखालून वाकून शिरणारी मादी, उडालेला खडा, सगळे मिळाले. आपण पक्ष्यांना दिसत नाही आहोत याचे मला समाधानही होते. चौथ्या दिवशी ती जोडी तिसऱ्या खळगीवर गेलेली दिसली. ही खळगी गाळपेराच्या कडेला, ट्रॅक्टरच्या जुन्या चाकोरीला लागून होती. तिथे चार अंडी पडली. नऊ दिवसांनी चाऱ्याची खेप नेणारा ट्रॅक्टर त्याच चाकोरीतून गेला. चाकाच्या नक्षीत मला जे दिसले त्याचे छायाचित्र मी काढले नाही.

ती जोडी माझ्यामुळेच हलली हे मला सिद्ध करता येणार नाही. कदाचित मादीला अखेरीस तीच जागा आवडली असती. पण पक्ष्यांच्या वागण्याची थोडीफार जाण असलेल्या कुणालाही हा योगायोग पटणार नाही, आणि मलाही पटलेला नाही. घरट्यापाशी केलेली चूक निदान दिसते : अंडी थंड पडतात किंवा उन्हात भाजतात, पिल्ले मरतात, कुणीतरी बोट दाखवतो. प्रियाराधनाच्या वेळी केलेल्या चुकीत फुटलेले काहीच नसते. जोडी पहिल्या पसंतीची जागा सोडून दुसऱ्या पसंतीच्या जागेवर जाते आणि पुढे जे व्हायचे ते ट्रॅक्टरच्या, कुत्र्याच्या किंवा अवकाळी पावसाच्या नावावर जमा होते. छायाचित्रकार तोवर बक्षीस घेऊन घरी पोचलेला असतो.

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या दिली आहे तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही येते, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळ छायाचित्रकारांना ऐकून धक्का देते. पण शब्द आहेत अंडी आणि घरटे. अंडी पडण्याआधी केलेली, अजून पसंतही न झालेली खळगी हे घरटे आहे की नाही, यावर वकिलांनी हवा तेवढा वाद घालावा. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीवविषयक कायद्याने एक पाऊल पुढे टाकले आहे. त्याच्या पहिल्या परिशिष्टातील पक्षी घरटे बांधत असताना त्यांना जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने त्रास देणे हाही तिथे गुन्हा आहे, आणि त्या परिशिष्टात छोटा कंठेरी चिखल्या आणि शेकाट्या हे दोघेही आहेत. तिथे हे पक्षी दुर्मीळ म्हणून यादीत आले. चिखल्याने त्या देशात पहिल्यांदा वीण घातली ती १९३८ मध्ये, तीही एका जलाशयावरच. आपल्याकडे ते दुर्मीळ नाहीत, म्हणून त्यांना कुणी मोजत नाही. मी कायदा बदला असे म्हणत नाही. ते काम तुमचेही नाही, माझेही नाही. पण जिथे कायदा थांबतो तिथून पुढचा नियम स्पर्धेच्या प्रवेशिकेवर लिहिता येतो, आणि त्याला विधिमंडळाची मंजुरी लागत नाही.

माझी मुख्य विनंती एकच आहे. वर्तन विभागातील प्रत्येक प्रवेशिकेबरोबर निघतानाची चौकट मागा. म्हणजे छायाचित्रकार ती जागा सोडण्याच्या आधीची शेवटची चौकट, मूळ फाइलमध्ये, वेळेच्या नोंदीसह, न कापता. तिच्यात तीच जोडी त्याच जागी तेच करताना, चरताना किंवा शांत उभी दिसली पाहिजे. प्रियाराधनाचे छायाचित्र आधी काय घडले आणि नंतर काय घडले यांच्यामध्ये उभे असते. आधी आणि नंतर पक्षी चरत, पिसे साफ करत, खळगीत बसत असतील तर मधला क्षण त्यांचा स्वतःचा होता. आधीच्या चौकटीत मान ताठ करून कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारा पक्षी असेल आणि नंतरच्या चौकटीत मोकळा चिखल असेल, तर मधले छायाचित्र कितीही देखणे असले तरी ते माणसाने घडवलेले आहे. ही चौकट खोटी देता येईल, हे मला मान्य आहे. फाइलची वेळ बदलणारे महाभाग आहेत. तरीही, ती द्यावी लागणार हे आधीपासून माहीत असले की छायाचित्रकार हवे ते मिळताच उठून चालू लागण्याऐवजी थांबतो आणि आपण गेल्यावर, किंवा जाता जाता, पक्षी काय करतात ते पाहतो. माझ्या त्या मार्च महिन्यात मी हवे ते मिळाले की रोज ऊन चढण्याआधी उठून निघत होतो. मी कधी मागे वळून पाहिलेच नव्हते.

याच्या जोडीला परीक्षक मंडळात पक्ष्यांचे वागणे ओळखणारी निदान एक व्यक्ती असावी. सोंग आणि प्रियाराधन यांतला फरक फार अवघड नाही. खळगीतला नर छाती दाबून, मागचा भाग वर करून, दोन्ही बाजूंनी सारखा बसलेला असतो, आणि जोडीदार जवळपास असतो. सोंग घेतलेला पक्षी एका बाजूला कललेला असतो, एक पंख दुसऱ्यापेक्षा अधिक लोळत असतो, त्याचे लक्ष तुमच्यावर असते आणि दोन चौकटींच्या मध्ये तो तुमच्यापासून दूर सरकलेला असतो. फसगत होते ती एका तिसऱ्या प्रकारात : धोका जवळ असताना हे पक्षी कधी कधी भलत्याच जागी, अंडी नसलेल्या ठिकाणी, उबवत बसल्याचे नाटक करतात. असे छायाचित्र एकटे पाहिले तर मीही फसेन. म्हणूनच एका चौकटीवर निकाल देऊ नये.

ध्वनिफिती वाजवून मिळवलेल्या छायाचित्रांबद्दल मात्र मला लांबण लावायची नाही. ती बाद करावीत. पावसाळ्यात भातखाचरांच्या कडेला रंगीत पाणलाव्याची मादी संध्याकाळी हाक घालू लागते. या पक्ष्यांत मादीच नटलेली असते, तीच नराला साद घालते, आणि अंडी देऊन झाली की उबवण्याचे व पिल्ले वाढवण्याचे काम नरावर सोडून दुसरा जोडीदार शोधते. मोबाइलवर तिच्याच जातीची हाक वाजवली की आपल्या हद्दीत दुसरी मादी शिरली असे समजून ती बाहेर येते, आणि तिच्यावर टॉर्च मारणारे सहाजण तिच्यासमोर उभे असतात. असाच प्रकार विदर्भातल्या शिंगाड्याच्या तलावांत कमरेएवढ्या पाण्यातून कमळपक्ष्यामागे चालत जाणाऱ्यांचा. कमळपक्ष्यातही अंडी उबवतो तो नर, तेही तरंगत्या पानांवर, आणि माणसाच्या चालण्याने उठणारी लाट त्या पानांपर्यंत पोचते. ड्रोनच्या छायाचित्रांबद्दलही माझे मत तेच आहे.

होडीचा विषय थोडा नाजूक आहे. आमच्या भागातले नावाडी हिवाळ्यातल्या पक्ष्यांवर चार पैसे मिळवतात आणि त्यांच्याइतकी पक्ष्यांची खडान्खडा माहिती माझ्या ओळखीच्या फार थोड्या शहरी अभ्यासकांना आहे. “साहेब, अजून जवळ घेऊ का?” हा प्रश्न ते विचारतात, कारण गेल्या खेपेच्या साहेबांनी जवळ नेल्याबद्दल वरती दोनशे रुपये दिलेले असतात. एप्रिलमध्ये पाणी उतरून जी बेटे उघडी पडतात त्यांच्यावर पाणभिंगऱ्या थव्याने वीण घालतात, आणि त्यांची वाळूच्या रंगाची अंडी तिथे होडी टेकवून उतरणाऱ्याच्या पायाखाली येईपर्यंत त्याला दिसत नाहीत. नावाड्याला दोष देऊन काही साधणार नाही. आपण सहली काढत असाल किंवा सहली काढणाऱ्यांचे प्रायोजकत्व घेत असाल, तर विणीच्या काळात बेटाला होडी टेकवायची नाही हे आधीच ठरवा, आणि लांब थांबण्याबद्दलही नावाड्याला वरचे पैसे मिळतील अशी तजवीज करा. त्याच्या हिशेबात जवळ आणि लांब यांचा दर सारखा झाला की प्रश्न बराचसा सुटतो.

या पत्रावर येणारे दोन आक्षेप मला आधीच ऐकू येत आहेत. पहिला असा की, वाळूउपसा, मोकाट कुत्री, ट्रॅक्टर आणि वरच्या धरणांतून येणारे पाणी यांच्यापुढे छायाचित्रकाराचा उपद्रव तो काय? प्रमाण विचाराल तर खरोखर कमी आहे. पण ट्रॅक्टरवाल्याला त्या खळगीबद्दल माहीत नव्हते आणि मला माहीत होते, एवढा फरक उरतोच. समुद्राने काठावरची अंडी नेली म्हणून टिटवी समुद्र आटवायला निघाली, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तिने आधी समुद्राकडे पाहिले, आपण निदान आपल्या लपणाकडे पाहावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. अंतर राखायचे तर ६०० मिलिमीटरची लेन्स हवी, तिची किंमत लाखांत, आणि मग वर्तन विभाग ऐपतदारांपुरताच उरेल. हे मला खरेच सलते, कारण मी स्वतः जुन्या ३०० मिलिमीटरच्या लेन्सवर आठ वर्षे काम केले. यावर उपाय आपल्याच हातात आहे. परीक्षकांची आवड काही वर्षांपासून एकाच साच्यात अडकली आहे : पक्ष्याने चौकट भरून टाकावी, मागे एकरंगी धूसर पडदा असावा, डोळ्यात चमक असावी. अशा छायाचित्रात पक्षी उजनीवर आहे की स्टुडिओत, कळत नाही. पाणी खूप उतरले की पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे मंदिर बाहेर येते. त्या शिखराच्या पायथ्याशी, भेगाळलेल्या चिखलातल्या उरल्यासुरल्या पाण्यात, चौकटीच्या एका कोपऱ्यात चोचींची फुली घातलेली शेकाट्याची जोडी, असे छायाचित्र जुन्या लेन्सनेही निघते. ते दीडशे पावलांवरून निघते. आणि हे पक्षी कुठे, कशाच्या जिवावर, पाण्याच्या कोणत्या पातळीला वीण घालतात हे त्यातून समजते. अशा छायाचित्राला एकदा पहिला क्रमांक देऊन पाहा. पुढच्या वर्षी प्रवेशिकांतले निम्मे छायाचित्रकार आपोआप शंभर पावले मागे सरकलेले असतील.

जागेचा पत्ता मात्र प्रसिद्ध करू नका. प्रवेशिकेवर तारीख, लेन्स आणि अंदाजे अंतर लिहून घ्या; गावाचे नाव आपल्या दप्तरी ठेवा; प्रदर्शनात जिल्हा पुरेसा आहे. एका छायाचित्राखाली नेमके ठिकाण छापले गेल्यावर पुढच्या रविवारी तिथे अकरा गाड्या उभ्या असलेल्या मी मोजल्या आहेत. आणि ज्या जुन्या छायाचित्रांना चुकीच्या मथळ्याखाली बक्षीस दिले गेले त्यांचे बक्षीस काढून घ्यावे असे मी म्हणणार नाही, पण आपल्या संग्रहातला मथळा तेवढा दुरुस्त करावा. ‘प्रणयनृत्य’ खोडून ‘अंड्यांजवळ माणूस आल्यावर घेतलेले सोंग’ असे लिहिले तर ते छायाचित्र वर्तनाचे उत्तम उदाहरण ठरेल आणि पाहणारा काहीतरी खरे शिकून जाईल. माझ्या कपाटावरच्या मानचिन्हाच्या आयोजकांना तशी विनंती मी या पत्राबरोबरच स्वतंत्रपणे पाठवली आहे.

परीक्षकांच्या उपयोगासाठी माझ्याकडे तीन हंगामांच्या अखंड मालिका आहेत : चिखल्याच्या खळग्या, शेकाट्याचे बाजू बदलणे, टिटवीचे पोट भिजवून येणे, आणि पंख मोडल्याच्या सोंगाच्या दोन मालिका, ज्यांत चूक माझीच आहे. मार्चमधल्या त्या तीन सकाळींच्या सगळ्या चौकटीही त्यात आहेत, चौथ्या दिवसाच्या नोंदीसह. कोणत्याही स्पर्धेच्या परीक्षक मंडळाला त्या विनामूल्य देईन. छापू नयेत, फक्त शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. हव्या असल्यास फेब्रुवारीच्या आत कळवावे, कारण त्यानंतर पाणी उतरू लागते आणि मी ज्या काठावर असतो तिथे फोनला रेंज मिळत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
उजनीच्या काठावरचा एक छायाचित्रकार